मैल कुणाचे?

दिवाळीच्या दिवसांत आपण दोन अगदी भिन्न गोष्टींची पूजा करतो, आणि त्यांत काही विसंगती आहे असे आपल्या मनातही येत नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपल्या नव्या वह्या पाटावर मांडतो, त्यांवर हळदकुंकू वाहतो आणि पहिल्या पानावर 'शुभ-लाभ' लिहितो. ही हिशेबाची पूजा. पुढे दोन दिवसांनी भाऊबीज येते. बहीण ओवाळते, भाऊ तबकात ओवाळणी घालतो. तेथे वही कोणी काढीत नाही. गेल्या वर्षी भावाने काय घातले होते, हे बहिणीच्या पक्के लक्षात असते, हे खरे. परंतु ते बोलून दाखवायचे नसते; बोलून दाखवले की ओवाळणीची वर्गणी होते. ही हिशेब विसरण्याची पूजा. आयुष्यात हिशेब कोठे चोख ठेवावा आणि कोठे वही मिटून ठेवावी, हे ज्याला उमगले, त्याला निम्मे नीतिशास्त्र उमगले असे म्हणावयास हरकत नाही.

हाच जुना प्रश्न आता नवा वेष घेऊन पनवेलच्या दाराशी आला आहे. पनवेल हे पिढ्यान्‌पिढ्या वाटेवरचे गाव. खाडीतून माल यायचा, घाट उतरून बैल यायचे. पुढे कोकणात जाणारी एस.टी. येथे थांबे आणि कंडक्टर खाली उतरून चहा घेई. त्याच पनवेलच्या तालुक्यात उलव्याची टेकडी कापून आणि नदीचे पात्र वळवून विमानतळ उभा राहिला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून उतारूंची विमाने सुटू लागली. आता आठवड्याला बंगलोर किंवा दिल्ली गाठणारा नोकरदार पनवेलच्या एखाद्या सोसायटीत राहतो, यात नवल राहिलेले नाही. आणि त्याच्यासोबत आपल्या बोलण्यातून जवळजवळ गेलेला एक शब्द परत आला आहे. दशमान पद्धती आली तेव्हा रस्त्याच्या कडेचा मैल गेला, किलोमीटर आला. तो गेलेला मैल आता आकाशमार्गाने परतला आहे. शेजारी शेजाऱ्याला विचारतो, "तुमचे मैल किती झाले?"

ज्यांना या मैलांची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगावयास हवेत. विमानकंपनी प्रवाशाच्या नावे एक खाते उघडते. तो जसजसा प्रवास करील, तसतसे त्या खात्यावर मैल, म्हणजे हल्लीच्या भाषेत पॉइंट, जमा होतात. पुरेसे साठले की त्यांच्या मोबदल्यात तिकीट मिळते. शिवाय वर्षभरात ठराविक प्रवास घडला की प्रवाशाला दर्जा प्राप्त होतो. एअर इंडियाच्या महाराजा क्लबात लाल, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत. जो वरच्या पायरीवर त्याची रांग आखूड, त्याला सामानाची सवलत अधिक, आणि विमान सुटेपर्यंत बसावयास लाउंज.

कल्पना मूळची वाण्याची आहे. अमेरिकेत १८९६ पासून स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी दुकानदारांना चिकटवण्याची तिकिटे विकत असे. दुकानदार ती गिऱ्हाइकाला खरेदीवर देई. गिऱ्हाईक ती वहीत चिकटवी आणि वह्या भरल्या की त्यांच्या बदल्यात घरगुती वस्तू घेई. १९८१ च्या मे महिन्यात अमेरिकन एअरलाइन्सने हीच युक्ती विमानात नेली आणि थोड्याच काळात ती जगभर पसरली. तेव्हा निदान जितके मैल उडाल तितके मैल पदरात, असा सरळ हिशेब होता. हल्ली तोही राहिलेला नाही. अमेरिकेतील बड्या कंपन्यांनी २०१५-१६ च्या सुमारास आणि एअर इंडियाने २०२४ मध्ये अंतर सोडून खर्चलेल्या पैशावर गुण देण्यास आरंभ केला. म्हणजे मैलातून अंतर गेले आणि नुसता रुपया उरला.

या योजनांना कंपन्या निष्ठेच्या योजना म्हणतात. येथे आपल्याला थोडे थांबावयास हवे. कारण निष्ठा हा शब्द आपल्या भाषेत फार वजनाचा आहे. पंढरीची वाट चालणारा वारकरी किती कोस चालला याची नोंद कोणी ठेवीत नाही. वीस वाऱ्या करणाराला विठ्ठलाच्या पायाशी वेगळी रांग मिळत नाही, आणि ती मिळावी असे त्याच्या मनातही नसते. निष्ठा ओळखू येते ती तोट्याच्या वेळी. धंद्यात खोट आलेल्या मालकाला सोडून न जाणारा मुनीम निष्ठावंत; पगारवाढ मिळाली म्हणून राहिलेला मुनीम शहाणा. शहाणपण वाईट नाही, पण त्याला निष्ठा म्हणू नये.

आणि निष्ठा दुहेरी असते. आपण कंपनीशी एकनिष्ठ राहावयाचे, तर कंपनीही आपल्याशी तशी राहते काय? जेट एअरवेजची हकीगत आठवण्याजोगी आहे. एके काळी या देशातील पहिल्या प्रतीची ही विमानकंपनी. १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे उड्डाण थांबले. परंतु तिची मैलांची योजना निराळ्या कंपनीच्या ताब्यात होती. ती त्याच वर्षी इंटरमाइल्स असे नवे नाव घेऊन चालू राहिली. ज्या विमानांवर निष्ठा ठेवावयाची ती जमिनीवर उभी, आणि निष्ठेची शिल्लक मात्र खात्यावर! दैवत गेले आणि नवसाची नाणी तेवढी उरली. निष्ठा नव्हे, व्यवहार कशाला म्हणतात, हे समजण्यास याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

परंतु व्यवहार म्हटला म्हणजे नाक मुरडण्याचे कारण नाही. हिशेब मागणे हे हलकेपणाचे लक्षण आहे, असा एक खोटा संस्कार आपल्या मध्यमवर्गावर आहे. पनवेलच्या मातीने तो केव्हाच खोटा ठरवला आहे. नव्या मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा जासईचे दि. बा. पाटील उभे राहिले आणि त्यांनी शेतकऱ्याच्या वतीने हिशेब मागितला. १९८४ च्या जानेवारीत त्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. विमानतळासाठी तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर अशी दहा गावे उठली, तेव्हा त्या गावकऱ्यांसाठी ठरलेला आकडा साडेबावीस टक्क्यांचा होता. बलिष्ठापुढे दुबळ्याने मांडलेला हिशेब ही नीतीच आहे. तेथे वही मिटून ठेवणे म्हणजे औदार्य नव्हे, आत्मघात होय. तेव्हा कंपनीशी आपला संबंध व्यवहाराचा आहे हे एकदा ओळखले की तो चोख करावा, यात कमीपणा कसला?

आणि चोख व्यवहार म्हणजे काय, तर पहिली गोष्ट, साठा करू नये. या चलनाची टांकसाळ कंपनीच्या हाती आणि बाजारभावही कंपनीच्या हाती. आज इतक्या गुणांत मिळणारे तिकीट उद्या दीडपट गुणांत मिळेल, असे तिने ठरवले तर दाद मागावयास जागा नाही. कित्येक योजनांत मुदत संपली की गुण नाहीसेही होतात. सोने पुरून ठेवता येते. मैल पुरून ठेवले तर त्यांची वाफ होते. दुसरी गोष्ट, गुणांसाठी प्रवास करू नये; प्रवास घडला तर गुण घ्यावेत. पाच हजारांत होणाऱ्या कामाला आठ हजार घालून जो दोनतीनशे रुपयांचे गुण मिळवतो, तो आपल्याच खिशातून आपल्याला बक्षीस देतो. तिसरी गोष्ट, आपण या खेळात गिऱ्हाईक आहोत तितकेच मालही आहोत, हे विसरू नये. २०२० मध्ये साथीने विमाने थांबली, तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने आपली मैलांची योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभारले. त्या योजनेची किंमत तेव्हा सुमारे २,१९० कोटी डॉलर मांडण्यात आली. खुद्द कंपनीच्या सर्व शेअरांचे बाजारातील मोल त्याहून कमी होते. म्हणजे विमानांपेक्षा आपली सवय अधिक मोलाची ठरली!

कधी गिऱ्हाईकही कंपनीवर मात करते. १९९९ मध्ये अमेरिकेतील एका इंजिनियरने एका खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील मैलांची जाहिरात वाचली, कागदावर गणित केले आणि पुडिंगचे बारा हजारांवर डबे विकत घेतले. साडेबारा लाख मैल त्याच्या खात्यावर जमा झाले. वेष्टने सोलण्याचे काम धर्मादाय संस्थेच्या लोकांनी केले आणि पुडिंग त्या संस्थेला मिळाले. असली कथा ऐकून कोणाला आनंद होणार नाही? फासेपारध्याला त्याच्याच जाळ्यात पाहण्याची मौज त्यात आहे.

मात्र या मौजेला एक दुसरी बाजू आहे, आणि ती सहसा दृष्टीस पडत नाही. हल्ली पुष्कळसे मैल विमानात बसून मिळत नाहीत. ते बँकेच्या क्रेडिट कार्डावर वाणसामान घेऊन मिळतात. बँक ते विमानकंपनीकडून विकत घेते. बँकेला पैसा कोठून मिळतो? त्याचा एक भाग दुकानदाराकडून. कार्डावर शंभर रुपयांची विक्री झाली की त्यातून काही रक्कम बँकेकडे वळते. दुकानदार ती स्वतःच्या घरातून थोडीच देणार? तो भाव किंचित वाढवतो, आणि वाढलेला भाव सर्वांनाच लागू असतो. पनवेलच्या बाजारात रोख पैसे मोजून अर्धा किलो तूरडाळ घेणारी बाई, जी कधी विमानात बसलेली नाही, ती कोणाच्या तरी सिंगापूरच्या फुकट तिकिटात चार पैसे घालत असते. जगात फुकट असे काही नसते. फक्त पैसे देणारा दिसत नाही. एवढ्यासाठी कार्ड फेकून द्यावे असे मी म्हणत नाही. पण 'मी हे कमावले' असे म्हणताना आवाज थोडा खाली आणावा, इतके तरी खास.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, पनवेलचा एक गृहस्थ आपल्या कंपनीच्या कामासाठी दर सोमवारी पहाटे विमान पकडतो आणि गुरुवारी रात्री परततो. तिकिटाचे पैसे कंपनी देते, मैल मात्र त्याच्या नावावर जमा होतात. वर्षाअखेरीस त्यांतून दोन तिकिटे निघतात. ते मैल कुणाचे?

पहिला उत्तराधिकारी मालक. पैसा ज्याचा, त्याचा लाभ. सरकारी नोकरांच्या बाबतीत आपल्या केंद्र सरकारने हेच उत्तर दिले आहे. सरकारी प्रवासातून मिळालेले मैल सरकारी प्रवासासाठीच वापरावेत, खाजगी सहलीसाठी नव्हे, असे २००८ च्या प्रवासभत्त्याच्या आदेशात स्पष्ट म्हटले आहे. जर्मनीत तर २००२ मध्ये या मैलांनी राजकारण हादरवले. सरकारी प्रवासाचे मैल खाजगी प्रवासासाठी वापरल्याचे उघडकीस आले, म्हणून बर्लिनचे अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी पद सोडले. याच सुमारास, २००१ च्या अखेरीस, अमेरिकेने उलटा कायदा केला आणि तेथील सरकारी नोकरांना असे मैल स्वतःसाठी ठेवण्याची मुभा दिली. एकच मैल, पण बर्लिनमध्ये तो पद घालवतो आणि वॉशिंग्टनमध्ये तो नोकराचा हक्क ठरतो! ज्या प्रश्नाला दोन शहाणी राष्ट्रे एकाच वर्षाच्या आतबाहेर विरुद्ध उत्तरे देतात, तो प्रश्न क्षुल्लक नव्हे.

मालकाच्या बाजूचा खरा मुद्दा तिकिटाचा नाहीच. तो निर्णयाचा आहे. मालकाच्या पैशाने स्वस्त विमान घ्यावयाचे की आपले मैल वाढवणारे महाग विमान, हे ठरवताना नोकराचे मन कोणत्या बाजूला कलते? तेथे जर काटा एक तोळाही मैलांकडे झुकला, तर त्या मैलाला दस्तुरीचा वास येतो. म्हणून कसोटी साधी आहे. मैल नसते तरीही मी हेच विमान घेतले असते काय? उत्तर प्रामाणिकपणे होकारार्थी असेल, आणि मालकाने हरकत घेतलेली नसेल, तर नोकराने मैल घेण्यात मला अधर्म दिसत नाही.

कारण दुसरा हक्कदार प्रवासी स्वतः आहे. पैसा मालकाचा, पण शरीर कुणाचे? पहाटे तीनला उठणारे डोळे, आखूड जागेत आखडलेले गुडघे, परक्या गावी बेचव जेवणाने बिघडलेले पोट, ही काही मालकाची मालमत्ता नव्हे. पगारात हे सारे धरलेले असते असे म्हणतात. पण ज्याने हा पगार घेतला आहे त्याला विचारा. मैल हे त्या श्रमाचे हातात पडलेले खुर्दा नाणे आहे, असे तो म्हणाला तर त्याला खोटे पाडता येत नाही.

परंतु येथेच विचार थांबवला तर तिसरा हक्कदार राहून जातो, आणि तो हिशेबाच्या कोणत्याच वहीत नसतो. तो म्हणजे घर. ते गृहस्थ सोमवारी गेले म्हणजे मुलीच्या शाळेच्या सभेला कोण गेले? म्हाताऱ्या सासऱ्यांना रात्री धाप लागली तेव्हा रिक्षा कोणी शोधली? नळ गळत होता, गॅस संपला होता, धाकट्याला ताप होता, तेव्हा "गुरुवारी बाबा येतील" असे सांगत आठवडा कोणी रेटला? विमानकंपनीच्या खात्यावर जो प्रत्येक मैल चढतो, तो घराच्या खात्यावर गैरहजेरी म्हणून पडतो. या दृष्टीने पाहिले तर सुवर्णदर्जाचे कार्ड म्हणजे काय? जो घरात सर्वांत कमी राहिला, त्याला मिळालेले प्रशस्तिपत्र. कंपनी त्याचे अभिनंदन करते. घराने करावे की नाही, ते घराने ठरवावे.

म्हणून माझे उत्तर असे की, मैल प्रवाशाच्या नावावर असले तरी ते त्याच्याजवळ विश्वस्ताच्या नात्याने असतात. त्यांचा विनियोग त्याने एकट्याने ठरवू नये. वर्षातून एकदा, वाटल्यास याच दिवाळीच्या फराळाच्या वेळी, त्याने आकडा सर्वांसमोर ठेवावा आणि विचारावे, "हे तुमचे. काय करू या?" पत्नी कदाचित म्हणेल, आपण चौघे कोठे जाऊ नये, त्यापेक्षा माझ्या आईला नागपूरहून आणा. सासरे म्हणतील, मला काशीला जावयाचे आहे, गाडीचा प्रवास आता झेपत नाही. मुलगी समुद्रापलीकडचे एखादे नाव घेईल, आणि तिला आणखी दोन वर्षे थांब असे समजवावे लागेल. मैलांचा पुरेपूर उपयोग कसा करावा, यावर पुष्कळ चातुर्य सांगितले जाते: कोणत्या महिन्यात गुण कमी लागतात, कोणत्या मार्गावर अधिक मोल मिळते. ते चातुर्य जरूर वापरावे. पण ते दुसऱ्या पायरीचे. कुणासाठी, हा प्रश्न आधी. किती गुणांत, हा नंतर.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. गैरहजेरी तिकिटाने फिटते काय? नाही फिटत. शाळेच्या सभेत रिकामी राहिलेली खुर्ची काश्मीरच्या सहलीने भरून निघत नाही. किंबहुना, तसा हिशेब मांडू गेलो तर आपण कंपनीचीच चाल घरात खेळू लागू: इतक्या रात्री दूर राहिलो, इतके गुण, घ्या ही सहल, खाते बेबाक. घरातील देणे असे बेबाक होत नसते, आणि होऊही नये. जे घर एकमेकांचे काही देणे लागत नाही ते घर मोडलेले असते. मैल घरापुढे ठेवावयाचे ते परतफेड म्हणून नव्हे, कबुली म्हणून. 'तुम्ही वाट पाहिलीत हे मला ठाऊक आहे', एवढेच त्या तिकिटावर लिहिलेले असावे.

राहता राहिला दर्ज्याचा प्रश्न. आखूड रांगेची सोय मिळाली तर ती घ्यावी. थकलेल्या माणसाने उगाच उभे राहण्यात पुण्य नाही. परंतु आखूड रांगेतून लांब रांगेकडे पाहताना मनात जे येते त्यावर लक्ष ठेवावे. पनवेलच्या एस.टी. स्थानकातही सवलती आहेत. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास सुरू झाला आणि २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांना अर्धे तिकीट. ती सवलत मागताना कोणी छाती पुढे काढीत नाही. कारण ती गरजेला दिलेली आहे. विमानतळावर सवलत खर्चाला मिळते, आणि माणसाची मान ताठ होते. दोन्ही ठिकाणी प्रवासी तोच आणि पोहोचावयाचेही घरीच. थोडे थांबून विचार केला तर ध्यानात येईल की, एस.टी.च्या वहीत माणसाचे वय आणि त्याची नड लिहिलेली आहे, आणि कंपनीच्या वहीत त्याचे बिल. यांपैकी कोणत्या नोंदीचा अभिमान धरावा, हे सांगावयास तत्त्वज्ञ लागत नाही.

तेव्हा लक्ष्मीपूजनाच्या वह्यांशेजारी हे नवे कार्डही खुशाल ठेवावे. त्याचीही जागा तीच: चोख मांडावा, वेळेवर मोडावा आणि ज्याचा त्याला द्यावा, असा हा हिशेब आहे. फक्त भाऊबीजेच्या तबकापर्यंत त्याला येऊ देऊ नये. गुरुवारी रात्री उशिरा विमान उतरते, उलव्याच्या बाजूने रिक्षा पनवेलकडे वळते, आणि तिसऱ्या मजल्यावर एक दिवा अद्याप जळत असतो. तो दिवा कोणत्या योजनेखाली लावलेला नसतो, आणि त्याचे गुणही कोणी मोजत नाही.